एका रात्रीचा मुक्काम

आईने आयुष्यात मुंबईत एकूण अकरा रात्री काढल्या आहेत. हा हिशोब तिचा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी नौपाड्यातल्या आमच्या घरी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा तिने तो सांगितला. १९७३ साली लग्न होऊन ती नाशकाहून ठाण्याला आली. त्यानंतर मुंबईला जाणं झालं ते कामापुरतंच. दादरला लग्नाचा बस्ता, नवरात्रात महालक्ष्मी, गिरगावातल्या आत्याकडे हळदीकुंकू, कुणाचं बारसं, कुणाचे दिवस. सकाळी जायचं आणि गर्दीच्या आधी परत फिरायचं. राहिली ती एकदाच, १९९८च्या डिसेंबरात. बाबा तेव्हा फोर्टजवळच्या एका रुग्णालयात होते. अकरा रात्री तिने वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढल्या.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. दुपारी डबा घेऊन जायचे आणि पाचच्या आत निघायचे, कारण आईच म्हणायची, "जा आता, गाड्या भरायला लागतील." त्या रात्रींबद्दल तिने कधी काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बाबा बरे होऊन घरी आले, पुढे वीस वर्षं राहिले, त्यात तो विषय मिटला असं मी धरून चालले होते.

मेथीची जुडी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "एकतीस तारखेला रात्री माझा डोळा लागला होता बघ. एकदम सगळीकडून भोंगे वाजायला लागले. मला वाटलं, कुठे आग लागली की लढाई सुरू झाली. धावत आत गेले. सिस्टर म्हणाल्या, घाबरू नका आजी, बंदरातली जहाजं वाजवतायत, नवीन वर्ष लागलं." थोडं थांबून म्हणाली, "मी काय आजी होते तेव्हा? सत्तेचाळीस वर्षांची होते." आणि मग, "ती जहाजं कुठे उभी असतात गं?"

मी आज सत्तेचाळीस वर्षांची आहे. बावीस वर्षं रोज ठाण्याहून सीएसएमटीला जाते. माझ्या ऑफिसपासून बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे. तरी मला तिला नीट सांगता येईना. गोदी अमुक बाजूला, गेटवे तमुक बाजूला, एवढंच हाताने हवेत दाखवत राहिले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की मीसुद्धा त्या शहरात एकही रात्र राहिलेले नाही. अकरा तर सोडाच.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आईला घेऊन एक शनिवार-रविवार मुंबईला जायचं. राहायला जायचं.

घरात कुणाला हे पटकन पटलं नाही. नवरा म्हणाला, रात्री टॅक्सी केली तर तासा-सव्वा तासात घरी याल, खोलीचे पैसे कशाला घालायचे? शेजारच्या काकूंनी विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?" भावाला वाटलं, आईला एवढं बाहेर काढायचंच असेल तर महाबळेश्वरला न्यावं. माणूस थंड हवेच्या ठिकाणी राहायला जातो, देवाच्या ठिकाणी राहायला जातो. पस्तीस किलोमीटरवरच्या मुंबईत राहायला जाणं म्हणजे पैसा उधळणं, असं सगळ्यांचं मत पडलं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. लोकलने जाऊन लोकलने परत येणाऱ्या माणसाला मुंबई अर्धीच मिळते. आपण तिथे असतो तेवढा वेळ आपल्या डोक्यात परतीची गाडी धावत असते. नाटक पाहताना शेवटच्या अंकात घड्याळ बघायचं, लग्नात पहिल्या पंगतीला बसायचं, गप्पा रंगात आल्या की "निघते गं, नंतर फार गर्दी होते" म्हणायचं. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या तीन पिढ्या अशा घड्याळावर नजर ठेवून मुंबईत वावरल्या आहेत. मला आईला ती घड्याळाशिवायची दाखवायची होती.

तयारीला तीन आठवडे लागले. एका रात्रीसाठी तीन आठवडे कशाला, असं तरुण माणूस म्हणेल. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर शहर पाहायचं, तर शहराचा नकाशाच वेगळा होतो. प्रत्येक ठिकाणी पायऱ्या किती, बसायला बाक आहे का, स्वच्छतागृह कुठे, टॅक्सी दारापर्यंत जाते का, हे आधी माहीत लागतं. जेवायच्या सुट्टीत मी एकेक जागा नव्याने पाहून यायला लागले. एशियाटिकच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या मोजल्या आणि ठरवलं, हा समोरच्या फुटपाथवरूनच दाखवायचा. शनिवारी आईचा उपास असतो, म्हणून साबुदाण्याची खिचडी घरची डब्यात न्यायची. गुडघ्याचं तेल, रात्रीच्या गोळ्या, तिची स्वतःची उशी.

वार आणि वेळही जुळवावे लागतात. रविवारी मध्य रेल्वेवर रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. तो साधारण अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो आणि त्या वेळात गाड्या कमी, गर्दी जास्त. म्हणून जायचं शनिवारी सकाळी आणि परतायचं रविवारी ब्लॉक संपल्यावर. महिना डिसेंबर, कारण मुंबईत दुपारी बाहेर चालता येईल असे दिवस वर्षात तेवढेच. त्यातही मधला आठवडा, नाताळच्या झुंबडीआधीचा.

माझ्या पहिल्या यादीत चौदा ठिकाणं होती. आईने चष्मा लावून ती वाचली आणि पेन्सिलीने खोडायला लागली. राणीची बाग, पाहिली आहे. म्हातारीचा बूट, तुम्हाला लहानपणी दाखवला आहे. घारापुरीपाशी थांबली. होडीने तासभर, वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोलीत बसून जाता येतं हे मी सांगितलं. "माणसांच्या खांद्यावर बसून महादेवाला जायचं नाही मला," म्हणाली आणि खोडलं. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत सगळी सुरू झाली आहे, तीत एकदा बसू म्हटलं, तर म्हणाली, "जमिनीखालून काय दिसणार?" शेवटी यादीत उरलं ते एवढं: वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, गेटवेवरून जहाजं. आणि खाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'तुझं ऑफिस'.

सगळ्यात अवघड गेली ती खोली. फोर्ट-कुलाब्याकडे मोठी हॉटेलं आहेत, ती आमच्या खिशाबाहेर. लहान लॉज बरेच आहेत, पण एकाने फोनवर ठाण्याचा पत्ता ऐकून सरळ सांगितलं, "लोकल आयडीवर खोली देत नाही." मी म्हटलं, आई आहे माझ्याबरोबर. तो म्हणाला, "मॅडम, ठाण्याला घर असताना इथे कशाला राहता?" मला फार लागलं ते. ठाण्याच्या बाईला मुंबईत राहायचं असेल तर त्यामागे काहीतरी काळंबेरं असणार, असा तो सूर होता. तिसऱ्या प्रयत्नात एका जुन्या इमारतीतलं गेस्टहाउस मिळालं. जाळीच्या दाराची लिफ्ट, उंच छत, दोन खाटा, रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. एका रात्रीचे तीन हजार आठशे. फोनवरच्या बाईंनी एकच विचारलं, "आईंना कमोड लागेल ना?" मी तिथेच होकार दिला.

शनिवारी सकाळी सव्वानऊची ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल धरली. ठाण्यातून सुटणारी म्हणून बसायला जागा मिळते. आईला बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली. मी रोज फास्ट गाडीने जाते. उभी असते, पुढे कुणाचा तरी खांदा असतो, बाहेरचं काही दिसत नाही. त्या दिवशी आई प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचत होती. नाहूर नवीन वाटतं म्हणाली. कांजूरमार्ग, विक्रोळी, विद्याविहार. शीवला म्हणाली, "इथे तुझ्या बाबांचे मास्तर राहायचे." चिंचपोकळी-करी रोडला गिरण्यांच्या चिमण्या शोधत राहिली. उंच काचेच्या इमारतींमध्ये मला एक दिसली, ती मी तिला दाखवली.

बाबांना ह्या रुळांचा अभिमान होता. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे ते आम्हाला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. एकवीस मैल, सत्तावन्न मिनिटं. आमची धीमी लोकल सीएसएमटीला लागली तेव्हा मी पाहिलं, तासाला एक-दोन मिनिटं कमी होती. म्हणजे जवळपास तेवढीच. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्या गाडीतल्यांना तरी रात्री राहू दिलं असेल का ठाण्यात?"

सीएसएमटीला आई अजूनही व्हीटीच म्हणते. बाहेर आल्यावर मी सवयीने भुयारी मार्गाकडे वळले, तिने हात धरून थांबवलं. फाटकाच्या दोन खांबांवर बसलेले सिंह आणि वाघ तिला बघायचे होते. सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला, हे मला ठाऊक होतं. पण वाघाच्या पंजाची ठेवण मी कधी न्याहाळली नव्हती. १८७८ ते १८८८, दहा वर्षं ही इमारत बांधत होते. आराखडा स्टीव्हन्सचा, पण भिंतींवरचे मोर, माकडं, पानं-फुलं कोरली ती इथल्या कलाशाळेतल्या मुलांनी, जेजेच्या. आम्ही दोघी सामानाची पिशवी पायाशी ठेवून दहा मिनिटं तिथे उभ्या होतो आणि लोक आम्हाला चुकवून वाहत होते. ऑफिसच्या दिवशी मला असं कुणी आडवं उभं राहिलेलं दिसलं की राग येतो. आता येणार नाही.

गेस्टहाउसमध्ये सामान टाकून, खिचडी खाऊन, आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. ह्या दुपारबद्दल मला जरा सावकाश सांगायचं आहे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. वास्तुकार जॉर्ज विटेट, गेटवे बांधणाराच. बाहेरून काळा-पिवळसर दगड आणि वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण यावी असा पांढरा घुमट. तिकीट काढून आत गेलं की मधलं दालन लागतं, आणि बहुतेक माणसं तिथे मान वर करून घुमट पाहतात आणि डावी-उजवीकडच्या मूर्तींकडे जातात. मी ह्या दालनाबद्दल आदल्या आठवड्यात वाचलं होतं आणि आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. दालनातलं जे लाकूडकाम आहे, खांब, महिरपी, सज्जे, ते विटेटने नाशकातल्या एका जुन्या वाड्यातून आणून बसवलेलं आहे. अठराव्या शतकातला वाडा.

आईचं माहेर जुन्या नाशकातलं, दहीपुलाजवळचं. त्यांचा वाडा काही सरदारांचा नव्हता; दोन चौकांचा, सहा बिऱ्हाडांचा. गोदावरीच्या पुरात दोनदा पाणी जोत्यावर चढलेलं. १९९०च्या सुमारास मामांनी तो विकला आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली. आईने ती बांधताना पाहिली नाही. पाहायला गेली नाही, असं म्हणायला हवं.

ती दालनात आली, आणि मी काही बोलायच्या आत तिने खांबाकडे पाहिलं. मग वर महिरपीकडे. "हे आपल्याकडचं आहे," म्हणाली. मी म्हटलं, नाशकातल्या वाड्यातलं आहे, आई. ती माझ्याकडे न बघता खांबाभोवती फिरायला लागली. मग मला शिकवायला लागली. हा सुरूचा खांब, खाली फुगीर, वर निमुळता, सुरूच्या झाडासारखा, म्हणून सुरूचा. ह्या वरच्या कमानी म्हणजे महिरप. खांबाच्या खाली दगडी उथळं लागतं, नाहीतर लाकूड ओल धरतं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी खांबांना तेल लावायचो, आजी म्हणायची, खांब प्यायला लागला की वर्ष चांगलं जातं. ओसरीवरच्या तिसऱ्या खांबाला माझी उंची कोरलेली होती, चवथीत असतानाची. हे सगळं ती हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशी बोलत होती. हात पुढे जायचा आणि थांबायचा, कारण संग्रहालयात वस्तूंना हात लावायचा नसतो, हे तिने दारावरच्या पाटीवर वाचलं होतं.

कोपऱ्यात बाक होता, तिथे आम्ही बसलो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तरी. शाळेची एक सहल येऊन गेली, परदेशी पाहुण्यांचा एक गट येऊन गेला. तिच्या माहेरची कुठलीही वस्तू आता जगात शिल्लक नाही, एक पितळी अडकित्ता सोडला तर. हा वाडा तिचा नव्हता, पण ज्या सुतारांनी तो घडवला त्यांच्या पुढच्या पिढ्यांपैकी कुणी तिचाही घडवला असेल. तेवढं नातं तिला पुरलं. तिथून उठल्यावर आम्ही मीरपूर खासचा भाजक्या मातीचा बुद्ध पाहिला, सिंधू संस्कृतीची भांडी पाहिली, लघुचित्रं पाहिली. ती सगळी सुंदरच आहेत. पण आईचं लक्ष नव्हतं आणि मीही ओढून नेलं नाही. दोन दिवसांत तीन ठिकाणं ठरवण्याचा फायदा असा की एका खांबाजवळ पाऊण तास बसलं तरी काही चुकत नाही.

दुपारी खोलीवर येऊन आई झोपली. हेही एक सुख. परतीची गाडी असती तर हा मधला वेळ कुठल्या तरी हॉटेलात चहावर चहा मागवत किंवा दुकानांच्या पायऱ्यांवर पाय चोळत काढावा लागला असता.

पाचला उठून सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी दुमजली एसी बस पकडली. जुन्या लाल दुमजली बस २०२३च्या सप्टेंबरात कायमच्या गेल्या. ह्या नव्या विजेच्या. जिला टाउन हॉल खालूनच दाखवायचं मी ठरवलं होतं, ती आई बसचा जिना कठडा धरून एकेक पायरी चढली आणि सगळ्यात पुढच्या काचेपाशी जाऊन बसली. "लग्न झाल्यावर ह्यांनी मला दादरला वरच्या मजल्यावर बसवलं होतं," एवढंच सांगितलं.

नरिमन पॉइंटच्या टोकाला कट्ट्यावर बसलो तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. डिसेंबरात तो मलबार हिलच्या बराच डावीकडे, उघड्या समुद्रात उतरतो. सहा वाजून दोन-चार मिनिटांनी बुडाला. हळूहळू दिवे लागले आणि आमच्यापासून चौपाटीपर्यंत आणि पुढे वाळकेश्वरपर्यंत दिव्यांची ती वळलेली ओळ उमटली. आमच्या पायाखालची जमीन, मागचा रस्ता, त्या गोलसर सज्जांच्या इमारती, हे सगळं समुद्र हटवून केलेलं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे पाणीच होतं. ह्या इमारती आणि पलीकडच्या ओव्हलवरच्या जुन्या दगडी इमारती मिळून २०१८ साली जागतिक वारसा झाल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसले होते. समोरचं पाणी काळं होत गेलं.

सात वाजले आणि माझी नजर मनगटाकडे गेली. सव्वासातला परत. साडेसातला आईच म्हणाली, "निघूया का? नंतर फार गर्दी होते." आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहिलं. कसली गर्दी? खोली टॅक्सीने दहा मिनिटांवर होती. बावन्न वर्षांची तिची सवय आणि माझी बावीस वर्षांची. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. ती परत नीट मांडी घालून बसली, पदर डोक्यावरून घेतला, आणि आम्ही साडेनऊपर्यंत तिथे होतो. शेंगदाणे खाल्ले. एक तरुण मुलगा फोनवर कुणाला तरी समजावत होता, तो जाईपर्यंत आई त्याची काळजी करत राहिली. चर्चगेटपाशी के. रुस्तमकडे दोन बिस्किटांमध्ये धरून देतात ते आइस्क्रीम एकात दोघींनी खाल्लं. मग एका उडप्याकडे जाऊन उपास सोडला, गरम भात आणि सांबार.

रात्री अकरानंतरचं फोर्ट मी कधी पाहिलं नव्हतं. दिवसा जिथे पाऊल ठेवायला जागा नसते तिथे कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपली होती. शटरं बंद, फुटपाथवर अंथरुणं पसरलेली माणसं, एका चहावाल्याची सायकल. आमच्या खिडकीतून सीएसएमटीच्या घुमटाचा एक तुकडा दिसत होता, दिव्यांनी उजळलेला. बाराच्या सुमारास स्टेशनाच्या बाजूने लगबगीने चालणारी दहा-बारा माणसं दिसली, शेवटच्या गाड्या पकडणारी. त्यातला एक पळत होता. आई म्हणाली, "मिळू दे रे बाबा त्याला."

दिवा मालवल्यावर ती बोलायला लागली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्याबरोबर रोह्याची एक बाई होती, तिचा मुलगा आत होता. दोघी रात्री आळीपाळीने झोपायच्या. एक झोपली की दुसरी तिच्या पर्सवर हात ठेवून बसायची. सहाव्या दिवशी त्या बाईचा मुलगा गेला. आईने तिला घरून आलेला डबा देऊ केला, तो मी नेलेला डबा होता. बाईने तो नेला. पुढच्या रात्री बाक रिकामा होता, आणि आईला तिची झोप राखायला कुणी नव्हतं, म्हणून ती एकतीस तारखेपर्यंत जवळजवळ झोपलीच नाही. "त्या रात्री मेला थोडा डोळा लागला, तर भोंगे वाजले." मी अंधारात विचारलं, तू मला तेव्हा काहीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुला पाचच्या आत निघायचं असायचं गं."

ह्यात तक्रार नव्हती. मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. थोड्या वेळाने ती झोपली, मी तिच्या पर्सवर हात ठेवून बराच वेळ जागी होते.

रविवारी पहाटे साडेसहाला टॅक्सीने गेटवेला गेलो. कबुतरं, कॅमेरेवाले, व्यायाम करणारे लोक. सात वाजून गेल्यावर उरणच्या बाजूने सूर्य वर आला आणि पाण्यावर जहाजं दिसायला लागली. मी वाटच पाहत होते. जवळ नांगरलेल्या लहान होड्या, त्यांच्या पलीकडे नौदलाची करडी जहाजं, आणि खूप लांब, धुक्यातल्या डोंगरासारखी, मालवाहू बोटींची रांग. आईने चष्मा पुसून घेतला. "एवढी लांब?" म्हणाली. "मला वाटायचं, रुग्णालयाच्या भिंतीला लागूनच असतील." घारापुरीच्या बोटीवर एक पोक्त माणूस दोरखंड गुंडाळत होता. आईने त्याला विचारलं, "दादा, एकतीस तारखेला अजून वाजवतात का भोंगे?" तो हसला. "वाजवतात तर. बाराच्या ठोक्याला सगळी एकदम. कानठळ्या बसतात बघा, आई." आईने मान हलवली, जणू कुणी तिच्या जुन्या साक्षीला दुजोरा दिला होता.

मग धोबीतलावच्या एका इराण्याकडे ब्रुन मस्का आणि चहा. खोली सोडून सामान गेस्टहाउसवाल्यांच्याच ताब्यात ठेवलं आणि ओव्हल मैदानाच्या कडेला झाडाखाली बसलो. रविवारी ह्या मैदानात एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालू असतात की कुठला क्षेत्ररक्षक कुणाचा, हे त्यांनाच ठाऊक. पाठीमागे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि १८७८ साली पूर्ण झालेल्या ह्या मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. त्या मातोश्रींना दिसत नव्हतं आणि जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, म्हणून ठोके ऐकून त्यांना वेळ कळावी, अशी गोष्ट सांगतात. आईला ती फार आवडली. पंच्याऐंशी मीटर उंच आहे म्हटल्यावर म्हणाली, "लेकाने बांधला म्हणजे उंचच होणार."

यादीतलं शेवटचं राहिलं होतं. माझ्या ऑफिसची गल्ली रविवारी सुनसान असते. खाली कुलूप. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिलो आणि मी तिसऱ्या मजल्यावरची, डावीकडून चौथी खिडकी दाखवली. बावीस वर्षं सकाळी सहाला उठून माझा डबा तिने भरला आहे, आणि तो डबा कुठे उघडला जातो हे तिने पाहिलं नव्हतं. ती खिडकीकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पश्चिमेची आहे. दुपारी ऊन येत असेल तुला." मी म्हटलं, हो, तीननंतर येतं. "मग पडदा का नाही लावत?"

चारनंतर परतलो. ब्लॉक नुकताच संपलेला, गाडी भरलेली. तरी एका मुलीने उठून आईला जागा दिली. हिशोब मांडला तर दोन दिवसांचे सगळे मिळून सहा हजारांच्या आत बसले. ठाण्याला उतरताना तिने फलाटावर थांबून श्वास घेतला आणि म्हणाली, "बारा झाल्या." मला आधी कळलंच नाही.

सोमवारी मी ऑफिसात पडदा लावून घेतला.

एकतीस डिसेंबरला आम्ही नेहमीसारखे घरीच होतो. बारा वाजले तसे तलावपाळीच्या बाजूने फटाके सुरू झाले, सोसायटीत मुलं ओरडायला लागली. आईच्या खोलीत दिवा लागलेला दिसला म्हणून मी डोकावले. ती खाटेवर उठून बसली होती. "आत्ता वाजत असतील तिकडे," म्हणाली. मी म्हटलं, हो. तिने दिवा मालवला आणि कुशीवर वळली.